हरकत नसल्यास

आमच्या रस्ते खात्याच्या भिंतीवर प्लायवूडची एक मोठी फळी आहे. तिच्यावर काउंटीचे एकसष्ट रस्ते रंगवले आहेत, रस्त्यारस्त्यावर खिळे ठोकले आहेत, आणि त्या खिळ्यांवर नऊ रंगांचे नऊ लोखंडी वायसर लटकतात. एक वायसर म्हणजे बर्फ ढकलणारा एक ट्रक. ट्रक जिथे जाईल तिथे आर्डिसबाई त्याचा वायसर बिलियर्डच्या काठीने सरकवतात. एकतीस वर्षं सरकवतायत. माझं टेबल त्या फळीसमोर, बाजूला खिडकी, खिडकीबाहेर गोठलेलं तळं. वायसरची बारीक किणकिण, रेडिओवर आर्डिसबाईंचं गुणगुणल्यासारखं बोलणं, हीटरची ऊब आणि तळ्यावर घाई न करता पडणारा बर्फ. अशा जागी बावीस वर्षं जो माणूस जागा राहील त्याला पदक द्यायला हवं. मला ते मिळालेलं नाही, आणि त्यात कुणाचा अन्याय नाही.

अशाच एका तंद्रीत माझ्यावर कामगिरी आली. सप्टेंबरची सभा होती. साहेब म्हणाले, जानेवारीपासून फळी बंद, नवीन सॉफ्टवेअर येणार, प्रत्येक ट्रकमध्ये एक टॅबलेट बसणार. त्यासाठी योग्य टीम उभी करायची आहे. "लायल, तुम्ही कराल का?"

मी म्हणालो, "छे छे, मला कुठं त्यातलं कळतंय!"

"नाही, तुम्हीच करा."

"अहो, दुसरं कुणी बघा ना चांगलं."

"लायल, करा आता."

"बरं, बघतो."

उत्तर मिनेसोटात याला हावरटपणा म्हणत नाहीत, कारण मी दोनदा नको म्हणालो होतो. आमच्याकडे कॉफी असो, वडी असो की सरपंचपद, पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस घरचं वळण नसलेला. दुसऱ्याला हो म्हणणारा गरजू. तिसऱ्याला हो म्हणणारा आपला. माझे आजोबा म्हणे तळ्यात पडले तेव्हा लोकांनी फेकलेला दोर त्यांनी दोनदा परत केला होता. ही गोष्ट खरी नसावी, पण ऐकून कुणीही दचकत नाही.

त्या संध्याकाळी मी खिडकीतून बघत बसलो आणि मला समोर स्पष्ट दिसलं: कार्यालयाच्या बोळात एक फोटो. मधोमध मी, हाताची घडी. दोन्ही बाजूंना टीम. खाली पितळी पट्टीवर माझं नाव, लायल ओस्टबी. आडनाव बरोबर लिहिलेलं. हा शेवटचा तपशील मला फार सुखावून गेला, कारण माझ्या पगाराच्या पाकिटावरसुद्धा ते बरोबर नसतं.

सॉफ्टवेअर कंपनीने एक पुस्तिका पाठवली होती. गुळगुळीत कागद, हसणारी माणसं, सगळ्यांचे दात सारखे. 'योग्य टीम कशी उभारावी' या प्रकरणात जाड ठशात तीन वाक्यं होती. एकदाच विचारा. स्पष्ट विचारा. मिळालेल्या उत्तराचा आदर करा.

मी ते चार वेळा वाचलं. एकदाच! आयुष्याची किती वर्षं आपण दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा विचारण्यात घालवली, याचा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर तरंगायला लागला. मी ठरवलं, आपण आधुनिक व्हायचं. बायकोला, जॉयसला, त्याच रात्रीच्या जेवणात मी एकदाच विचारलं, "अजून बटाटे घेतेस?" ती म्हणाली, "नको." मी उत्तराचा आदर करून भांडं स्वतःकडे ओढलं. जॉयस काही बोलली नाही. ती पुढे दोन दिवस काही बोलली नाही. यातून मी काही शिकायला हवं होतं, पण मी मोठ्या कामात होतो.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी गॅरेजमध्ये गेलो. पहिला व्हर्न. व्हर्न आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर आणि माझा शेजारी. माझ्या दारातला बर्फ तो मी उठायच्या आत साफ करून ठेवतो आणि विचारलं तर म्हणतो, वारा असेल. मी स्पष्ट विचारलं, "व्हर्न, टीममध्ये येतोस?"

"छे रे, माझं काय काम तिथं?" व्हर्न म्हणाला आणि हातातलं पाना-पक्कड खाली ठेवून, जरा वळून, माझ्याकडे बघत उभा राहिला.

मी वहीत लिहिलं: व्हर्न, नकार. आभार मानून पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तर तो तसाच उभा होता. मला वाटलं, पाठ धरली असेल.

अकरा वाजेपर्यंत नऊ ड्रायव्हरांचे नऊ नकार वहीत होते. हो म्हणणारे दोघंच निघाले. एक गॉर्डी, रस्त्यावरच्या पाट्या बनवणारा. तो न्यू जर्सीचा. इथे येऊन त्याला तेवीस वर्षं झाली, म्हणजे अजून नवीनच. त्याने माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "हो, आणि मीच प्रमुख होतो ना?" असं विचारलं. दुसरा कर्ट. कर्ट काउंटीतल्या प्रत्येक समितीवर आहे. चर्चची छप्पर समिती, शाळेची घंटा समिती, तळ्यातल्या माशांची समिती. छप्पर गळतं, घंटा वाजत नाही, आणि माशांचं त्यांचं त्यांना माहीत.

मग मी आर्डिसबाईंकडे गेलो. खरं सांगतो, मला त्याच हव्या होत्या. कुठल्या वळणावर वारा बर्फाचा ढीग लावतो, कुठला पूल आधी गोठतो, चौदा नंबरच्या टोकाला राहणारी म्हातारी दर शुक्रवारी दुपारी डायलिसिसला जाते म्हणून तो रस्ता आधी उघडायचा, हे सगळं कुठल्याही कागदावर नाही. ते त्यांच्या डोक्यात आहे. आणि दुसरं असं की बावीस वर्षं मी त्या बाईंच्या पाठीकडे बघत काम केलंय. ती पाठ समोर नसली तर मला बेरीजसुद्धा जमणार नाही. हे मात्र मी पुस्तिकेच्या नादात बोललो नाही. मी स्पष्ट विचारलं, एकदाच विचारलं.

"मी कशाला?" आर्डिसबाई काठीला खडू लावत म्हणाल्या. "तरुण बघ की कुणी."

"ठीक आहे," मी म्हणालो आणि लिहिलं: नकार.

काठी हवेतच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं, आणि हिरवा वायसर उगाचच एक खिळा पुढे सरकवून पुन्हा मागे आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर त्यांचं पत्र होतं. सॉफ्टवेअर सुरू होईल त्या दिवशी आपण निवृत्त होऊ इच्छितो, अशी पहिली ओळ. ती वाचून मला पत्र फाडून टाकावंसं वाटलं. पण समोरच पुस्तिका उघडी होती. मिळालेल्या उत्तराचा आदर करा. मी मन घट्ट केलं, शिक्का शोधला, शाई लावली आणि पत्रावर 'मंजूर' असा ठसठशीत ठसा उमटवला. बाई तीन हातांवर उभ्या होत्या. मी म्हणालो, "काही हरकत नाही, आर्डिसबाई."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर गॅरेजमध्ये माझ्याशी सगळे अतिशय सभ्यपणे वागायला लागले. आमच्याकडे यापेक्षा वाईट शिक्षा नाही. मी कॉफीच्या खोलीत शिरलो की हवामानावर बोलणं सुरू व्हायचं. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला, तेव्हा माझ्या दारातला तीन दिवस तसाच राहिला. चौथ्या दिवशी कुंपणाशी व्हर्न भेटला.

"वारा पडलाय वाटतं," मी म्हणालो.

"पडलाय," व्हर्न म्हणाला. बराच वेळ तळ्याकडे बघून पुढे म्हणाला, "आर्डिसबाईंची तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे की."

"नाही, म्हटलं विचारावं." आणि तो घरात गेला. आमच्याकडे हे भांडण समजतात. मला तेव्हा कळलं नाही.

डिसेंबरात कंपनीकडून मारिसोल आली. टेक्सासची, तिशीची, दोन कोट एकावर एक घालून. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "टीम कुठाय?"

मी गॉर्डी आणि कर्टकडे बोट दाखवलं. गॉर्डी नवीन टीमच्या नावाची पाटी बनवत होता. कर्ट टोप्यांचं बघत होता. टोप्यांचा रंग ठरवायला तीन बैठका गेल्या. मग कळलं, टोपी खरेदीचा अर्ज कपड्यांच्या खात्याकडे जातो, आणि आपल्याकडे कपड्यांचं खातं नाही.

"ड्रायव्हर एकही नाही?" मारिसोल म्हणाली. "आणि ज्या बाई हे सगळं चालवतात, त्या?"

"विचारलं होतं. नको म्हणाल्या."

"मग?"

"मग उत्तराचा आदर केला," मी जरा ताठ होऊन म्हणालो. "तुमच्याच पुस्तिकेत आहे."

तिने पुस्तिका चाळली. "हे कुणी लिहिलंय कोण जाणे," ती म्हणाली. मला ते आवडलं नाही. माणसाने ज्या ग्रंथावर आयुष्य बेतलं त्याच्याबद्दल असं बोलू नये.

पुढची अडचण फळीची. ती काढायची तर काउंटीच्या सामानाच्या यादीतून कमी करायला हवी. यादीत ती सापडेना. दोन आठवड्यांनी सापडली ती 'चित्रे व शोभेच्या वस्तू' या सदरात. शोभेची वस्तू काढायला काउंटी मंडळाच्या दोन सभांत ठराव वाचावा लागतो. पहिल्या सभेत वाचला. दुसरी सभा बर्फामुळे रद्द झाली. शेवटी सॉफ्टवेअर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी घरून जॉयसची जुनी चादर आणली आणि फळी झाकली. फुलाफुलांची चादर. आर्डिसबाईंनी ती चारही कोपऱ्यांत स्वतः नीट टाचून दिली. टाचताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला एकदम लहानपणी चर्चमध्ये हसलो होतो त्या दिवसासारखं वाटलं.

तरी रात्री फोटो दिसायचाच. फक्त आता त्यात मी एकटाच होतो आणि दोन्ही बाजूंना दोन टोप्या.

जानेवारीतला तो शुक्रवार उजाडला. सॉफ्टवेअरचा पहिला दिवस, आर्डिसबाईंचा शेवटचा. सकाळी केक कापला. शेवटचा तुकडा कुणीच घेईना. त्याचा अर्धा झाला, अर्ध्याचा पाव झाला, आणि पाव तुकड्याकडे बघत सगळे उभे असताना बाहेर बर्फ सुरू झाला. आधी भुरभुर, मग जाडजाड पाकळ्या. अकरा वाजता तळ्याचा पलीकडचा काठ नाहीसा झाला, साडेअकराला अलीकडचा. जग हळूहळू पुसलं जात होतं आणि मी, सवयीने, तोंड किंचित उघडं ठेवून ते बघत होतो.

"चला!" मारिसोल म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

सॉफ्टवेअरची रीत सोपी होती. ते ड्रायव्हरला एक रस्ता दाखवून विचारणार, घेता का? हिरवा चौकोन म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. नाही म्हटलं की तोच रस्ता पुढच्याला विचारणार. पडद्यावर एकसष्ट रस्ते राखाडी रंगात उमटले. मग त्यांच्यापुढे लाल चौकोन उमटायला लागले. एक, चार, वीस. सवाबारापर्यंत प्रत्येक रस्ता प्रत्येक ड्रायव्हरला विचारून झाला होता आणि पडद्यावर मंडईत टोमॅटो ओतल्यासारखं लालेलाल झालं होतं. घेतलेले रस्ते: शून्य.

"नेटवर्क गेलं का?" मारिसोलचा आवाज चढला. "लायल, तुमच्या माणसांनी संप केलाय का?"

"आमच्याकडे संपसुद्धा तिसऱ्यांदा सांगितल्यावर करतात," मी म्हणालो, आणि ते वाक्य माझ्या स्वतःच्याच कानात अडकलं.

मी बाहेर धावलो. अंगणात नऊ ट्रक, नऊ इंजिनं चालू, फाळ वर उचललेले. फाटकापाशी व्हर्न आणि त्याच्यामागच्या ट्रकमधला डुएन एकमेकांना हाताने आधी जा, आधी जा करत होते. मी व्हर्नच्या पायरीवर चढून काच ठोठावली.

"व्हर्न, लाल का दाबलंस?"

"पहिल्यांदाच विचारलं ना त्याने!"

"मग?"

"मग काय? लगेच हो म्हणू? चौदा नंबर डुएनचा आवडता रस्ता. त्याच्या तोंडातून काढून घेऊ?"

"अरे, डुएननेही नाही म्हटलंय!"

"म्हणणारच. चांगला माणूस आहे तो." व्हर्नने टॅबलेटकडे पाहिलं. त्याच्या आवाजात खरंच दुखावल्यासारखं काहीतरी होतं. "मला वाटलं, परत विचारेल. विचारलंच नाही बघ. सरळ पुढच्याकडे गेलं. मनाला लागतं रे माणसाच्या." तो थांबला. "तुला वहीत लिहिताना बघितलं ना मी, सप्टेंबरात, तस्संच वाटलं."

बर्फ माझ्या कॉलरमधून पाठीवर उतरत होता. व्हर्न हातातलं काम ठेवून वळून उभा राहिला होता तो पाठदुखीने नव्हे. नऊच्या नऊ जण वळून उभे राहिले होते. आणि काठीला खडू लावणारा एक हात हवेत थांबला होता. मी एवढा गाढव कसा? या मातीत जन्मलेला, कॉफीला दोनदा नको म्हणत मोठा झालेला माणूस, गुळगुळीत कागदाला भुलला.

आत आलो तेव्हा चादर जमिनीवर पडली होती. आर्डिसबाई कोट घालून, कुंडीतलं आपलं झाड बाजूला ठेवून, फळीसमोर उभ्या होत्या. काठी एका हातात, रेडिओ दुसऱ्यात.

"व्हर्न, चौदा घेतोस का? घे की. घे बाबा आता, ती म्हातारी दोन वाजता निघते."

"बरं, निघालो," रेडिओतून आवाज आला.

"डुएन, बावीसला जातोस? जा ना. जा रे, पुलाआधी मीठ टाक."

"बरं."

तिन्ही वेळचं विचारणं एका श्वासात! बावीस वर्षं मी ज्याला गुणगुणणं समजून डुलक्या घेतल्या ते हे होतं. नऊ जणांना नऊ वेगळ्या सुरांत, कुणाला घाईत, कुणाला लाडाने, कुणाला मध्येच त्याच्या मुलीची चौकशी करून. एकेक ट्रक फाटकातून बाहेर पडला आणि पांढऱ्यात विरघळला. मागे फक्त पिवळे दिवे लुकलुकत राहिले, मग तेही गेले. फळीवर वायसर किणकिणायला लागले. कर्ट उरलेला केकचा तुकडा हातात घेऊन उभा होता आणि कुणाचंच लक्ष नव्हतं म्हणून त्याने तो खाल्ला.

मारिसोल खुर्चीवर उलटी बसून बघत होती. "तीनदा विचारायला मी त्याला शिकवू शकते," ती हळूच म्हणाली. "दोन दिवसांचं काम आहे. पण कुणाला आधी विचारायचं, कुणाला कसं, हे कोण सांगणार?"

मी आर्डिसबाईंच्या पाठीकडे बघत राहिलो. पावणेदोनला व्हर्नचा निरोप आला, म्हातारी गाडीत बसली, तिने त्याला वड्या दिल्या. दोनदा नको म्हणून मग घेतल्या.

चार वाजता बर्फ थांबला. ट्रक परत आले. आर्डिसबाईंनी सगळे वायसर पहिल्या खिळ्यावर लावले, काठी काखेत मारली, कुंडी उचलली आणि "बरं, येते" म्हणून सरळ बाहेर पडल्या.

हे बघून मी हादरलो. आमच्याकडे निरोपाला निदान तासभर लागतो. खुर्चीशी एक, दाराशी एक, गाडीच्या खिडकीशी एक. जॉयसच्या बहिणीकडून निघताना मी एकदा गाडीच्या खिडकीशी जेवलोय. या बाई एकतीस वर्षांचा निरोप अर्ध्या मिनिटात घेऊन चालल्या होत्या. म्हणजे त्यांना कुणी थांबवेल अशी आशाच उरली नव्हती.

मी कपाट उघडून त्यांचं पत्र काढलं. पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ होती. माझा शिक्का नेमका तिच्यावर बसला होता. शाईखालून वाचावी लागली: 'कोणाची हरकत नसल्यास.'

मी कोट न घालताच पळालो. आर्डिसबाई गाडीत बसल्या होत्या, इंजिन चालू होतं, कुंडी शेजारच्या सीटवर पट्टा लावून. मी काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली.

"आर्डिसबाई, थांबाल का?"

"नको रे. आता काय."

"थांबा की. टीममध्ये या."

"टोप्या असलेल्या टीममध्ये? नको."

"थांबा हो आर्डिसबाई. खरंच थांबा."

तीन झाले. रीतीप्रमाणे आता त्यांनी "बरं" म्हणायला हवं होतं. त्या समोरच्या काचेवर साचलेल्या बर्फाकडे बघत राहिल्या. वायपर एकदा गेला, एकदा आला.

"तू शिक्का मारलास, लायल," त्या म्हणाल्या. "मी तिथंच उभी होते. वर म्हणालास, काही हरकत नाही."

अंगणात नऊ ड्रायव्हर होते. सगळे एकदम आपापल्या टायरकडे बघायला लागले. माझे कान थंडीने की कशाने जळत होते. मग या काउंटीत भरल्या अंगणात कुणी बोलत नाही असलं वाक्य मी बोललो, आणि तेही मोठ्याने.

"माझी हरकत आहे," मी म्हणालो. "पहिल्यापासून होती. फार होती. तुम्ही गेलात तर मला इथं बसवणार नाही."

व्हर्नने टायरला हलकेच एक लाथ मारली.

गाडीचं इंजिन बंद झालं. इतकी शांतता पसरली की तळ्यावरचा बर्फ कडकडलेला ऐकू आला. आर्डिसबाईंनी पट्टा सोडवून कुंडी माझ्या हातात दिली. "आधी झाड आत ने. थंडी सोसत नाही त्याला."

मारिसोलने तेव्हा दारातून फोटो काढला. तो आता बोळात लावलाय. नऊ ड्रायव्हर आहेत, गाडीतून उतरणाऱ्या आर्डिसबाई आहेत, गॉर्डी आणि कर्ट टोप्यांविना आहेत. मी झाडामागे आहे. खाली पितळी पट्टी आहे, तीत 'ओस्टबी'मधलं एक अक्षर कमी आहे. दुरुस्तीचा अर्ज शोभेच्या वस्तूंकडे गेलाय.

आत आल्यावर आर्डिसबाईंनी काठी जागेवर टेकवली आणि कॉफीचं भांडं उचललं.

"कॉफी घेतोस, लायल?"

"नको, नको," मी थरथरत म्हणालो.

"घे की."

"राहू दे हो, तुम्ही घ्या."

त्यांनी स्वतःचा कप भरला, भांडं खाली ठेवलं, माझ्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेरचं तळं बघत सावकाश पिऊ लागल्या. व्हर्न खोकला दाबत बाहेर गेला. मी गारठलेले हात काखेत धरून वाट बघत बसलो.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं ते सोमवारी सकाळी.